आत माणूस आहे

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हे मी कुणाला सांगत नाही. नवीन आलेला प्रत्येकजण हेच विचारतो, की हा गट तुम्हाला कसा सापडला. मी सांगतो, दवाखान्यातल्या बोर्डवरून. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. आज वीज गेली आहे, बाकीची मंडळी निघून गेली आहेत, आणि तुम्ही अर्धा तास झाला चपला घालताय. घरी जाताना वाटेत ते दुकान लागतं, हो ना? मलाही लागायचं. मग बसा थोडा वेळ. मेणबत्ती अजून बोटभर आहे.

मी लिफ्टचा मेकॅनिक. सव्वीस वर्षं हेच काम करतोय. लोक आयुष्यभर वरखाली करतात आणि त्यांना आमची आठवण होते ती लिफ्ट अडकल्यावर. आमच्या धंद्यात नियम पुष्कळ आहेत, त्यातले बरेचसे आम्ही धाब्यावर बसवतो. एक मात्र कुणी मोडत नाही. लिफ्टच्या शाफ्टमध्ये, ती वरखाली जाते त्या पोकळीत, उतरायच्या आधी मेन स्विच बंद करायचा आणि त्यावर आपली पाटी अडकवायची. तळहाताएवढी पत्र्याची पाटी असते. लाल रंग, त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'आत माणूस आहे', आणि खाली ज्याची त्याची नंबराची मोहोर. ज्याने लावली त्यानेच ती काढायची. साहेब आला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही. पाटी लटकतेय तोवर आत कुणीतरी आहे, एवढंच धरून चालायचं.

माझा नंबर सतरा होता आणि माझ्या जोडीदाराचा अठरा. त्याला आम्ही लंबू म्हणतो. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, कामात चोख. माझ्या तोंडाला वास येतो हे त्याला ठाऊक होतं, पण तो कुणाकडे बोलला नाही. जड काम गुपचूप स्वतःकडे घ्यायचा आणि मला म्हणायचा, "दादा, तू खाली थांब, मी बघतो."

त्या मंगळवारी सकाळचे अकरा वाजले होते. मी घरून निघतानाच बाथरूममध्ये दोन घोट घेतले होते. आरशासमोर उभं राहून मी स्वतःची समजूत घालायचो, एकच घे, मग हात थरथरणार नाहीत, मग दिवसभर नाही. ती समजूत मला इतकी पाठ होती की तिचा आवाजही वेगळा झाला होता, जरा घोगरा, जरा लाडीगोडीचा. तर, मी पाना आणायला खाली गेलो, बाहेर जाऊन आणखी दोन घोट घेतले, परत आलो. स्विचवर पाटी दिसली. मला वाटलं, माझीच आहे, काढायची राहून गेली. सतरा आणि अठरामधला फरक मला दिसला नाही. मी पाटी काढली आणि स्विच वर केला.

लंबू तेव्हा केबिनच्या छतावर उभा होता. केबिन दीड मजला वर गेली. तो आडवा पडला म्हणून वाचला, पण पाय भिंत आणि केबिनमध्ये सापडला. दोन ठिकाणी मोडला. तो ओरडलासुद्धा नाही. "दादा," एवढंच म्हणाला, एकदाच.

साहेबांनी मला समोर उभं केलं. माझी सतरा नंबरची पाटी घेतली, दोन्ही हातांनी मधोमध वाकवली आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकली. मग ड्रॉवरमधून एक कार्ड काढलं. म्हणाले, "दारू सोडणाऱ्यांचा गट शोध. तिथे जा. या कार्डावर गट चालवणाऱ्याची सही आण. शुक्रवारपर्यंत. सही नसेल तर येऊ नकोस."

घरी बायको भांडेल असं वाटलं होतं. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने कार्ड वाचलं, परत माझ्या हातात दिलं आणि इतक्या हळू बोलली की मला कान द्यावा लागला. "या कार्डावर सही दिसली तर मी इथे आहे. नाही दिसली तर शनिवारी लेकीला घेऊन भावाकडे जाते. आणायला येऊ नका."

ही गोष्ट त्या सहीची आहे.

बुधवार, गुरुवार मी घेतली नाही. घेतली नाही म्हणजे काय झालं ते तुम्हाला सांगायला नको, तुम्ही त्यातून जाताय. घाम, थरथर, रात्री डोळ्याला डोळा नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, काहीबाही दिसेल, ऐकू येईल, घाबरू नका. म्हणून पुढचं जे आहे ते गोळ्यांच्या आणि थरथरीच्या खात्यात टाकायला मी कधीही तयार आहे. एक-दोन गोष्टी त्या खात्यात बसत नाहीत, एवढंच.

त्याच दवाखान्यात बाहेर बोर्ड होता. त्यावर गटाचा कागद टाचलेला, खाली पत्त्याच्या पट्ट्या कापून ठेवलेल्या, हवी त्याने एक फाडून न्यावी. बोर्डसमोर आमच्याच इमारतीतले एक गृहस्थ उभे होते. त्यांच्यादेखत दारुड्यांच्या कागदाची पट्टी फाडायची माझी हिंमत झाली नाही. आख्ख्या गल्लीने मला गटाराकाठी पाहिलं होतं, पण पट्टी फाडताना कुणी पाहू नये असं मला वाटत होतं. आपली अब्रू कुठे लपून बसलेली असते कोण जाणे. मी बोर्डला पाठ लावली, हात मागे नेला, कागदांच्या थराखाली बोटं घातली आणि जी पट्टी हाताला लागली ती ओढली. खिशात कोंबली. कागद पिवळा पडलेला होता, हे मी पाहिलं, पण मनावर घेतलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी निघालो. बायको म्हणाली, "मी येऊ?"

"मी काय शाळेत चाललोय?" मी म्हटलं.

तिने माझ्या गळ्याभोवती मफलर गुंडाळला. तिचे हात गार होते.

थंडीचे दिवस, सहाच्या आतच अंधार पडलेला. इमारत बाजाराच्या मागच्या बाजूला होती, चार मजल्यांची, जुनी कचेऱ्यांची. खालच्या दुकानांची शटरं ओढलेली आणि त्यांच्या कुलपांवर गंज चढलेला. आत बोळात एक पिवळा दिवा जळत होता. जिन्याला लोखंडी दार, त्याला साखळी. समोर जाळीच्या दरवाजाची जुनी लिफ्ट, आणि ती खालीच उभी होती, आत उजेड. मला बरंच वाटलं. ओळखीचं माणूस भेटावं तसं.

मग मीटरच्या फळीकडे नजर गेली. ती जातेच, सवय असते. लिफ्टचा मेन स्विच बंद होता. त्यावर पाटी लटकत होती. लाल पत्रा, पांढरी अक्षरं, 'आत माणूस आहे'. नंबराची बाजू सावलीत होती.

मी तिथे किती वेळ उभा राहिलो सांगता येत नाही. स्विच बंद, मग केबिनमध्ये उजेड कुठून? मी जाळीशी तोंड नेऊन हाक मारली, "आत कुणी आहे का?" हाक शाफ्टमधून वर गेली आणि कुठेच आदळली नाही. मनात म्हटलं, कुणीतरी वेंधळा पाटी विसरून गेला असेल, आणि दिव्याची लाइन वेगळी असेल. मला सही हवी होती. पट्टीवर सहाची वेळ होती आणि घड्याळात सहाला पाच कमी होते. आणि त्या आठवड्यात दुसऱ्यांदा मी पाटीकडे काणाडोळा केला.

केबिनमध्ये शिरलो, जाळी ओढली, चारचं बटण दाबलं. केबिन वर निघाली.

लिफ्ट कधी गप्प नसते. मोटर गुणगुणते, दोर करकरतात, मध्येच वजनाचा ठोकळा शेजारून खाली जाताना वारा येतो. मी डोळे मिटून आवाजावरून दुखणं ओळखतो, त्यात माझा हात कुणी धरणार नाही. तिथे काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. मजले खाली सरकत होते आणि मला फक्त माझे दात वाजताना ऐकू येत होते. वास मात्र होता. ग्रीसचा, साचलेल्या पाण्याचा, आणि त्याखाली एक गोडसर वास, जो मला झोपेतही ओळखता आला असता.

चौथ्या मजल्यावर एकच खोली उघडी होती. आत गोल करून मांडलेल्या नऊ खुर्च्या. आठांवर माणसं. मधे टेबलावर चहाचे कप, काठोकाठ भरलेले, वर साय धरलेली.

"या," दारासमोरच्या खुर्चीतले चष्मेवाले गृहस्थ म्हणाले. आवाज मऊ, शिकल्यासवरल्या माणसाचा. "तुमचीच वाट पाहत होतो. दार लावून घ्या."

मी दार लावलं आणि रिकाम्या खुर्चीत बसलो. जीव जरा भांड्यात पडला. साधी माणसं दिसत होती. एक शिंपी, गळ्यात मोजपट्टी तशीच राहिलेली. एक ट्रक ड्रायव्हर, रुंद खांद्यांचा. शाळेतल्या एक बाई, मांडीवर पर्स घट्ट धरलेल्या. मी कार्ड पुढे केलं, "साहेब, सही..."

"देऊ की," चष्मेवाले म्हणाले. "आधी ऐकू या. आमच्याकडे नाव सांगायचं नसतं. काम सांगायचं, आणि शेवटचा घोट कधी घेतला ते. बस, एवढंच."

शिंपी बोलू लागला. मान खाली, बोटांनी मोजपट्टी उलगडत. "मी शिंपी. शेवटचा घोट दुकानातच. बाटली मशीनच्या ड्रॉवरमध्ये असायची. पावणेपाच वाजले होते. मशीनवर डोकं टेकलं. त्याला आज चार हजार एकशे सहा दिवस झाले. एक थेंब नाही."

"एक थेंब नाही," सगळे एका सुरात म्हणाले.

माझ्या पोटात आशा हलली, खरं सांगतो. चार हजार दिवस. मला तीन जड गेले होते. मी मनात म्हटलं, याला जमलं तर मला का नाही?

"मी ड्रायव्हर," रुंद खांद्यांचा म्हणाला. "शेवटचा घोट चालवता चालवता घेतला. उतार होता. समोरून बस येत होती. दोन हजार नऊशे साठ दिवस. एक थेंब नाही."

"एक थेंब नाही."

आता मला गार वाटायला लागलं होतं. खोलीत खरंच फार थंडी होती. माझा श्वास तोंडासमोर वाफ होऊन दिसत होता. मी मफलर वर ओढला आणि सहज, अगदी सहज, बाकीच्यांकडे पाहिलं.

बाई बोलत होत्या. "मुलांचे पेपर तपासायचे होते. आंघोळीला जाऊन ताजीतवानी होते म्हटलं. पेला टबाच्या काठावर ठेवला होता. पाणी छान कोमट होतं... मग मी उठलेच नाही. पाच हजार दिवस होतील येत्या सोमवारी."

त्यांच्या तोंडासमोर वाफ नव्हती. शिंप्याच्या नव्हती. कुणाच्याच नव्हती. एवढ्या नऊ माणसांच्या खोलीत श्वास दिसत होता तो माझ्या एकट्याचा. कुणी खोकत नव्हतं, कुणाची खुर्ची करकरत नव्हती. इतका वेळ एकही माणूस साधा सरकून बसला नव्हता.

माझी पाचावर धारण बसली. मी उठायला खुर्चीचा हात धरला. आठही चेहरे हळूहळू माझ्याकडे वळले. रागाने नाही. त्यांच्या डोळ्यांत माया होती. तिचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

"आता तुम्ही," चष्मेवाले म्हणाले. "लाजू नका. आमच्याकडे आलेला एकही माणूस पुन्हा प्यायलेला नाही. तुमचा शेवटचा घोट... कधी?"

मंगळवारी. शब्द जिभेवर आला होता. सांगितलं की सुटलो, सही मिळेल, घरी जाईन. पण मला कळत होतं, का ते विचारू नका, की हा शब्द इथे उच्चारला की तो बंद होईल. शिंप्याचा पावणेपाचला झाला तसा. मंगळवार शेवटचा म्हणजे शेवटचाच. त्यानंतर काहीच नाही, घोटही नाही आणि मीही नाही.

आणि मला आणखी एक आठवलं. वीस वर्षांत मी सगळ्यात जास्त वेळा खोटा वापरलेला शब्द होता, शेवटचा. बायकोच्या डोक्यावर हात ठेवून. लेकीच्या शाळेच्या दारात. लंबूच्या घरी, त्याच्या आईसमोर. ही शेवटची. हे शेवटचं. तेच खोटं मला पुन्हा बोलवेना.

"शेवटचा..." मी म्हणालो. "ते मला सांगता येणार नाही. ही शेवटची, असं मी बायकोला शंभर वेळा सांगितलंय. आज घेतली नाही. एवढंच खरं आहे. उद्याचं मला माहीत नाही."

इतक्या वेळात पहिल्यांदा एक खुर्ची करकरली. शिंप्याने मोजपट्टी गुंडाळून ठेवली. "मग हा आपला नाही," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरंच वाईट वाटल्यासारखं होतं.

"अजून नाही," बाई म्हणाल्या.

चष्मेवाल्यांनी माझ्या हातून कार्ड घेतलं. खिशातून पेन काढलं, सही केली, तारीख घातली. नीटनेटकं, गोल अक्षर. कार्ड परत देताना त्यांचं बोट माझ्या बोटाला लागलं, आणि ते गार होतं की गरम, हे मला आजही सांगता येत नाही, कारण ते लागल्याचं कळलंच नाही. "खुर्ची राखून ठेवतो," ते म्हणाले. "घाई नाही. शेवटचा घोट घेतला की इथली वाट आपोआप सापडते."

मी पाठ न वळवता दारापर्यंत गेलो. केबिन उभीच होती. आत शिरून तळमजल्याचं बटण दाबलं आणि जाळीला धरून उभा राहिलो.

दोन मजले खाली आल्यावर केबिन थांबली. दोन मजल्यांच्या मधोमध. जाळीपलीकडे नुसती भिंत. दिवा मंद झाला, आणि कोपऱ्यात, जिथे मघाशी काही नव्हतं, तिथे एक बाटली होती. सीलबंद, लहान, मी घ्यायचो तीच. काचेवर दव धरलेलं.

वर छतावर पाऊल वाजलं.

आमच्यापैकी कुणी छतावर काम करत असला की पान्याने तीन टकटक करतो. म्हणजे, मी इथे आहे, थांब. वरून तीनदा टकटक झाली. मी म्हटलं, "लंबू?" माझ्या तोंडून तेच नाव निघालं.

"लंबू कसा असेल?" वरून आवाज आला. घोगरा, लाडीगोडीचा. "एकच घे. मग हात थरथरणार नाहीत. मग दिवसभर नाही. घेतलीस की सोडतो खाली."

तो आवाज मी ओळखला. रोज सकाळी बाथरूममध्ये आरशासमोर ऐकायचो तो आवाज ओळखायला मला वेळ लागणार होता का?

मी खाली बसलो. बाटली हाताच्या अंतरावर होती. तुम्हाला वाटेल, इतका घाबरलेला माणूस बाटलीकडे बघणारही नाही. उलट असतं. मी इतका घाबरलो होतो की ती मला हवीच होती. मी हात पुढे केला. बोटं काचेला लागली. आणि तेव्हा मफलर नाकाशी आला, त्याला आमच्या घरातल्या साबणाचा वास होता. मी रडलो. रडत रडत बाटली पायाने ढकलली, जाळी आणि भिंतीच्या फटीतून ती खाली गेली. मी कान देऊन बसलो. फुटल्याचा आवाज आला नाही.

मग वरून तो आवाज म्हणाला, "बरं. मी थांबतो."

केबिन हलली.

"हलू नका." हा आवाज बायकोचा होता. "अजिबात हलू नका. माझ्याकडे बघा. खाली बघू नका."

मी अर्थातच खाली बघितलं. मी लिफ्टच्या जाळीच्या आतल्या बाजूला उभा होतो, वीतभर रुंदीच्या कठड्यावर, पाठ भिंतीला. केबिन नव्हती. पायांखाली खड्डा, त्यात काळं पाणी. पाणी किती खोल असेल याचा मला अंदाज आहे, म्हणून सांगत नाही. बायकोने जाळीतून दोन्ही हात घालून माझा मफलर मुठीत धरला होता. तशीच पाऊल पाऊल सरकवत तिने मला दारापर्यंत आणलं आणि बाहेर ओढलं. मग तिथेच बोळात मटकन बसली.

मी निघाल्यावर तिच्या जिवाला चैन पडली नव्हती. तिने दवाखान्यात फोन करून पत्ता विचारला, तर तिथली बाई म्हणाली, तो गट त्या इमारतीतून हलून चार वर्षं झाली. वरच्या कागदावर नवा पत्ता आहे. तशी ती धावत सुटली होती. तिच्या घड्याळात पावणेसात वाजले होते. बोळात दिवा नव्हता. ती हातातल्या बॅटरीच्या उजेडात आली होती.

माझ्या खिशात कार्ड होतं. तिने त्यावर बॅटरी धरली. गोल अक्षर, आजची तारीख.

"ही सही कुणाची?" तिने विचारलं.

शनिवारी ती भावाकडे गेली नाही. माझ्याबरोबर इथे आली, या खोलीत. तेव्हा हा गट चालवणाऱ्या आपल्या सिस्टरबाईंचे केस काळे होते. रुग्णालयातून निवृत्त होऊन त्यांना वर्षच झालं होतं. आम्ही आत आलो तेव्हा एक माणूस उभा राहून सांगत होता, "परवा मी पुन्हा घेतली." आणि ढसाढसा रडत होता. कुणीतरी खोकलं, कुणाची तरी खुर्ची करकरली, कुणी चहाचा घोट घेताना फुरका मारला. माझ्या जिवात जीव आला. लोकांना इथे आल्यावर पहिल्या दिवशी निराश वाटतं, कारण इथे माणसं घसरतात. मला त्याच गोष्टीने धीर दिला. घसरतोय म्हणजे चालतोय.

सिस्टरबाईंनी कार्ड हातात घेतलं आणि उभ्या होत्या तिथेच खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "ही सही ज्यांची, त्यांनीच हा गट सुरू केला होता. सात वर्षं दारूला शिवले नव्हते. मग एका संध्याकाळी सगळ्यांच्या आधी खोलीवर गेले. दुसऱ्या दिवशी लिफ्टच्या खड्ड्यात सापडले. बरोबर बाटली होती. त्यानंतर आम्ही जागा सोडली." थोड्या वेळाने त्यांनी त्या सहीखाली स्वतःची सही केली. साहेबांनी दोन्ही सह्या पाहिल्या. नवीन पाटी दिली, नंबर तोच, सतरा.

याला नऊ वर्षं झाली. मी दिवस मोजत नाही, तुमच्या लक्षात आलंच असेल. इथे सगळे आकडा सांगतात, मी फक्त म्हणतो, आज घेतली नाही. त्याचं कारण आता तुम्हाला कळलं.

एवढंच असतं तर मी तुम्हाला म्हटलं असतं, गोळ्यांचा परिणाम, सोडून द्या. पण गेल्या महिन्यात ती इमारत कुणीतरी विकत घेतली. नवी लिफ्ट बसवायचं काम आमच्याकडे आलं. लंबू आता माझा वरिष्ठ आहे, थोडा लंगडतो. तो पाहणीला गेला आणि तिथून त्याने मला फोन केला.

"दादा," तो म्हणाला, "इथे मेन स्विचवर पाटी आहे. तुझी. सतरा नंबर."

मी म्हटलं, "माझी पाटी माझ्या खिशात आहे." आणि हात घालून बघितलंही. होती.

"ती नवी. ही जुनी आहे," लंबू म्हणाला. "मधोमध वळी पडलीय. कुणीतरी वाकवून पुन्हा सरळ केल्यासारखी." "मी काढली नाही. आपला नियम आहे. तू येऊन काढ, म्हणजे मी स्विच वर करतो. आणि दादा... तुझं कुणी आहे का आत? मघापासून वरून पाना आपटल्यासारखं ऐकू येतंय. तीन-तीनदा."

मी त्याला म्हटलं, बाहेर ये, आणि जाळीला हात लावू नकोस. ते काम अजून तसंच पडलं आहे. लंबू दर सोमवारी विचारतो, कधी जातोस पाटी काढायला? ज्याने लावली त्यानेच काढायची, हे त्याचं बरोबर आहे. पण काढली की तो आत थांबलेला, घोगऱ्या आवाजाचा, बाहेर येणार.

मेणबत्ती संपत आली. चला, त्या दुकानाच्या पुढेपर्यंत मी येतो तुमच्याबरोबर. पाटी काढायला मी जाणार का, ते मलाही ठाऊक नाही. आज तरी गेलो नाही.